शेवंता ही शिवी झाली, अण्णा ही पदवी झाली!

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल त्यांनी सरळ पुढे जावं, राग नाही. पण कमेंटमध्ये येऊन तुटून पडायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग खुशाल तुटून पडा.

विषय आहे 'रात्रीस खेळ चाले'.

हसू नका. झी मराठीवर ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये आलं, तिसरं मार्च २०२१ मध्ये. तिन्ही पर्वं केव्हाच आटोपली. तरी आपल्या सिंधुदुर्गात या मालिकेच्या गजाली काही संपत नाहीत. आकेरीच्या त्या वाड्यासमोर गाड्या थांबतात, फोटो निघतात. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जुनी क्लिप टाकतो आणि खाली दोन-दोनशे कमेंट पडतात. मी त्या कमेंट वाचतो. गेली कित्येक वर्षं वाचतोय. आणि आता गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

या कमेंटमध्ये मतं फिरून फिरून तीच असतात. एक, पहिलंच पर्व खरं, नंतर सगळा पसारा. दोन, मालिकेने कोकणची बदनामी केली. तीन, अंधश्रद्धा पसरवली. चार, मालवणी धड नव्हती. आणि पाच, सगळ्यात जास्त लाइक मिळणारं मत: अण्णा म्हणजे अण्णा, असा माणूस पुन्हा होणे नाही!

पहिल्या चार मतांशी माझं फार भांडण नाही. पाचव्याशी आहे. कडाक्याचं आहे. पण पहिल्या चारांचा हिशेब आधी करू, कारण त्या चारांच्या आडूनच पाचवं मत वाढलं.

'पहिलं पर्व खरं' म्हणणाऱ्यांचं बरंचसं पटतं. रात्री साडेदहाला लागायची मालिका. अण्णा गेलेत, घरात सुतक आहे, मुंबईची आणि गावची भावंडं एका छपराखाली आलीत, प्रत्येकाच्या मनात काहीतरी आहे आणि कुणी काही बोलत नाही. भुतापेक्षा ते न बोलणं भीतीदायक होतं. ज्यांच्या घरात वडील गेल्यावर तेरावं उरकायच्या आत कपाटाच्या चाव्या कुणाकडे यावरून धुसफूस झाली असेल, त्यांना ते चांगलंच कळलं. पांडूचं 'इसरलंय' आपण अजून बोलतो. पांडू उभा करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. माणूस इथलाच असल्याशिवाय ते 'इसरलंय' तसं येत नाही.

मालवणीचं म्हणाल, तर ती टीव्हीसाठी सैल केलेली मालवणी होती. पुण्या-नागपूरच्या प्रेक्षकालाही कळायला हवी म्हणून तशी केली असणार. आपल्या कानाला खटकायचं. पण त्याआधी मराठी मालिकेत मालवणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा हसण्यापुरता असायचा, घरगडी किंवा विनोदी शेजारी. इथे मालक मालवणी बोलला, मालकीण मालवणी बोलली, दुःख मालवणीत झालं. मला ही गोष्ट मोठी वाटते. ज्यांना नाही वाटत त्यांच्याशी वाद नाही.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही अनेक वर्षं रखडून. त्यानंतर अडीच वर्षांत रोज रात्री घराघरात करणी, उतारे, भानगडी दिसायला लागल्या, तर चळवळीतल्या माणसाला चिंता वाटणारच. गावात कुणाची गाय आटली, कुणाचं पोर आजारी पडलं, की बोट कुणाकडे जातं ते आपल्याला माहीत आहे. एकट्या बाईकडे जातं. बहुतेक वेळा अशा बाईकडे, जिच्या वाटणीची जागा कुणाच्या तरी डोळ्यांत सलत असते. तेव्हा हा आक्षेप खोटा नव्हता.

पण मला एक सांगा. त्याच मालिकेत नीलिमा नावाची सून होती. प्रत्येक प्रकाराला 'यामागे कारण असणार, शोधू या' म्हणणारी. तिच्याबद्दल आपली मतं काय होती? 'जास्त शहाणी.' 'मुंबईची शिष्ट.' माझ्या ओळखीतल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी, बायकांनीसुद्धा, हेच म्हटलेलं मी ऐकलंय. मालिकेने आपल्या हातात प्रश्न विचारणारी एक बाई दिली होती, आणि आपण तिला नाकं मुरडली. मग अंधश्रद्धा नुसती पडद्यावरून पसरली म्हणायचं, की बघणाऱ्याच्या घरात ती आधीच पाटावर बसली होती?

आता कोकणच्या बदनामीकडे येऊ. मालिका सुरू झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातून ती बंद करा अशी मागणी झाली. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख असं चित्र जगापुढे जातं, पर्यटक घाबरतील, असं म्हणणं होतं. पर्यटक घाबरले नाहीत. उलट वाडा बघायला आले. तो मुद्दा तिथेच निकाली निघाला.

पण माझी हरकत त्या मागणीतल्या निवडीला आहे. आपल्याला लाज कसली वाटली? भुताची. आपण वेताळाला मानणारे, राखणदाराला नारळ ठेवणारे, देवचाराच्या वाटेवर रात्री शीळ न घालणारे लोक. आपल्या दशावतारात रात्रभर राक्षस आणि मायावी प्रकार चालतात आणि आपण जत्रेत मांडी घालून पहाटेपर्यंत बघतो. त्याची लाज आपल्याला कधी वाटली नाही, वाटायचं कारणही नाही. मग टीव्हीवरच्या भुताची का वाटली? आणि त्याच मालिकेत एक जमीनदार गरिबाच्या जमिनी लाटतो, दिसेल त्या बाईवर नजर टाकतो, आड येणाऱ्याला संपवतो आणि गावात ताठ मानेने फिरतो. त्याची लाज का नाही वाटली? 'आमच्या कोकणात असे जमीनदार नव्हते, ही बदनामी थांबवा' असं निवेदन घेऊन कुणी गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

कारण असे लोक होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी चरीचं नाव आठवावं. रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ. तिथल्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जाचाविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायची नाही असा संप केला. पोटाला चिमटा काढून सहा वर्षं! नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. पुढे कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला. पण ज्याचं नाव सातबाऱ्यावर कूळ म्हणून लागलंच नव्हतं, तोंडी शब्दावर जो पिढ्यान् पिढ्या राबला होता, त्याचं काय झालं ते गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारा. आपल्या मुलखाची खरी भयकथा ही आहे. तिला पडवीतला कंदील आणि घुबडाचा आवाज लागत नाही.

आता त्या मालिकेतली भुतं कुणाची होती, हे शांतपणे आठवून बघा.

भिवरी कोण होती? पाटणकर कोण होता? शेवंता कोण होती? त्या वाड्याच्या आसपास जो जो तळमळत राहिला, त्याची गाठ जिवंतपणी एकाच माणसाशी पडली होती. अण्णा नाईकांशी. कुणाची अब्रू गेली, कुणाची जागा गेली, कुणाचा जीव गेला. जिवंत असताना ही माणसं दाद मागायला गेली असती तर कुणाकडे? गावात सगळा शब्द अण्णांचा. म्हणून ती मेल्यावर आली. भूत म्हणजे दुसरं काय असतं हो? वसूल न झालेली थकबाकी. जिवंतपणी ज्याला कुणी दाराबाहेरून आत घेतलं नाही, तो मेल्यावर भिंतीतून आत येतो. आपल्या आज्यांनी सांगितलेल्या गोष्टी आठवा. बाळंतपणात दुर्लक्ष होऊन गेलेली बाई, सासरी छळून विहिरीत ढकललेली सून, मजुरी बुडवून हाकलून दिलेला गडी. रात्री याच माणसांना बघून आपण घाबरतो. म्हणजे घाबरायला नको ज्यांना, त्यांनाच घाबरतो. आणि ज्याने त्यांना तिथे पोचवलं त्याला रामराम घालतो.

आता पाचव्या मताकडे येतो.

माधव अभ्यंकरांनी अण्णा उभा केला तो जबरदस्तच. त्यात वाद नाही. त्यांचं ते चालणं, ती नजर, तो आवाज. माणूस पडद्यावर आला की खोलीतली हवा बदलायची. खलनायक असा वठला पाहिजे की बघणाऱ्याचं रक्त खवळलं पाहिजे. कलाकाराचं कौतुक करा, हजारदा करा. दशावतारात राक्षसाचं सोंग घेणाऱ्याला आपण शाबासकी देतोच, बक्षीस लावतो. पण पहाटे खेळ संपल्यावर राक्षसासारखं वागावं असं कुणी म्हणत नाही. घरी येऊन कुणी त्याचं चित्र देव्हाऱ्यात ठेवत नाही.

अण्णांच्या बाबतीत आपण तेच केलं. स्टेटसला अण्णा. गाडीच्या काचेवर अण्णा. वाढदिवसाच्या बॅनरवर 'आमचे अण्णा'. कुणी बायकोवर आवाज चढवला की मित्र म्हणतात, 'काय अण्णा, जोरात!' कुणाची बाहेर भानगड असली की हसत हसत 'अण्णा नाईक झालास तू!' आणि तो माणूसही लाजत नाही. मिशीवर हात फिरवतो.

आणि शेवंता?

अपूर्वा नेमळेकरांनी ती भूमिका केली तीही तितकीच ताकदीची. पण गावात 'शेवंता' या शब्दाचं काय झालं? नवरा परगावी असलेली बाई जरा नीट साडी नेसून बाजारात गेली की मागून हाक, 'शेवंता!' कामाला जाणारी पोर उशिरा घरी आली, शेवंता. विधवा बाई कुणाशी हसून बोलली, शेवंता. मी हे तिठ्यावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात ऐकलंय. तुम्हीही ऐकलंय. खरं सांगा, ऐकलंय की नाही?

गोष्ट एकच, त्यातली माणसं दोन. तिच्या पदरी बदनामी आली आणि मरण आलं. त्याच्या पदरी जमीन राहिली, वाडा राहिला, मानही राहिला. आणि आपण बघणाऱ्यांनी काय केलं? तिच्या नावाची शिवी केली आणि त्याच्या नावाची पदवी. हे लेखकाने केलं नाही, वाहिनीने केलं नाही. हे आपण केलं. म्हणून या मालिकेवरची आपली मतं हा माझ्या दृष्टीने सार्वजनिक प्रश्न आहे. नुसता करमणुकीचा नाही.

'अण्णा-शेवंता ही जोडी' असं लिहिणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. जोडी? एकाच्या हातात सगळं गाव आणि दुसरीच्या हातात फक्त तिचं रूप, याला आपण जोडी म्हणतो? मग मांजर आणि उंदीर ही पण जोडीच.

या सगळ्यात माई कुठे राहिली? शकुंतला नरे यांनी केलेली माई. नवऱ्याचं सगळं डोळ्यांनी बघितलं, पोटात घातलं, चूल पेटती ठेवली, पोरं वाढवली, आणि वर त्याच्याच माघारी त्याचं पाप निस्तरत बसली. एक गंमत करू. माईचं पाळण्यातलं नाव काय, बघू कुणाला आठवतंय का. 'माई' हे नातं झालं. नाव सांगा. गूगल न करता कमेंटमध्ये लिहा. अण्णांचे डायलॉग पाठ असणारे किती जण गप्प राहतात ते बघू. आणि माहेरी राहिलेली त्यांची लेक छाया? ती तर कुणाच्याच स्टेटसला नसते.

आता ज्यांना वाटतं की मी पराचा कावळा करतोय, त्यांच्यासाठी घरातलंच उदाहरण देतो. नावं देणार नाही, कारण माणसं जिवंत आहेत आणि माझीच आहेत.

आमच्या भाऊबंदांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. पन्नासेक माणसं. गणपतीची पाळी, कुणाची बारशी, काजूचा भाव, असं सगळं चालतं त्यावर. दोन वर्षांपूर्वी एका आत्याने त्यावर लिहिलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे. नातीकडून टाइप करून घेतलं असणार. लिहिलं ते असं, की बाबांच्या नावची कलमांची जागा विकायचं चाललंय असं कानावर आलं, तर माझी सही कुणी मागितली नाही, माझं नाव त्यात आहे की नाही तेवढं सांगा. बस. एवढंच. भांडण नाही, शिवी नाही, वकिलाची धमकी नाही.

कुणी उत्तर दिलं नाही. तासाभराने एकाने अण्णा नाईकांचा स्टिकर टाकला. डोळे वटारलेले अण्णा. त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. आत्याने त्यानंतर त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. गणपतीला शुभेच्छासुद्धा नाहीत.

त्या स्टिकरचा अर्थ ग्रुपवरच्या प्रत्येकाला कळला होता. अर्थ असा, की या घरात बाईने जमिनीबद्दल विचारायचं नसतं. पूर्वी हे सांगायला घरातला कर्ता पुरुष ओसरीवर उभा राहून ओरडायचा. आता ओरडावं लागत नाही. मोबाइलवर अण्णा आहेत.

आणि कायदा काय म्हणतो? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी तेव्हापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने मुलींना हक्क दिला १९९४ मध्ये, त्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलला आणि मुलगी जन्मतः मुलासारखीच हिस्सेदार झाली. तरी 'बाप २००५ आधी गेला असेल तर काय' म्हणून कोर्टात घोळ चालूच होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला. सांगितलं, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. आता योगायोग बघा. त्याच ऑगस्टमध्ये मालिकेचं दुसरं पर्व संपत होतं. आपल्या टाइमलाइनवर तेव्हा चर्चा कशाची होती? अण्णांना शेवटी शिक्षा कशी मिळणार याची. बहिणींच्या हिश्श्याच्या निकालावर किती पोस्ट पाहिल्या ते तुमचं तुम्ही आठवा.

यावर दोन उत्तरं हमखास येतील, ती आधीच घेतो.

पहिलं: 'मालिका ही करमणूक असते, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.' बरं. मग भूत दाखवल्यावर बदनामी झाली म्हणून आपण एवढे का खवळलो होतो? तेव्हा ती करमणूक नव्हती? भुतामुळे माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो आणि अण्णामुळे होत नाही, हे कुठलं शास्त्र? एक तर दोन्हींचा परिणाम होतो म्हणा, नाहीतर दोन्हींचा नाही म्हणा. सोयीचं तेवढं उचलू नका.

दुसरं: 'मालिकेत अण्णा वाईटच दाखवलाय, त्याला शिक्षा पण झाली.' मान्य. दुसऱ्या पर्वात त्याची कर्मं उघडीनागडी दाखवली, त्याबद्दल मी लिहिणाऱ्यांचे आभारच मानतो. इतकं स्पष्ट कुठली मराठी मालिका दाखवते? पण पुढे काय झालं? लोकांना अण्णा आवडले हे दिसलं आणि तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भूत होऊन परत आले. इथे माझी मालिकेवरची एकमेव मोठी तक्रार आहे. तोवर भूत होण्याचा हक्क होता तो ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. मरून का होईना, त्याला बोलायला मिळत होतं. तिसऱ्या पर्वाने तो हक्कही अण्णांना देऊन टाकला. जिवंतपणी गाव त्याचं, मेल्यावर रात्रही त्याचीच. आणि जिचं त्याने वाटोळं केलं ती शेवंता त्याच्या शेजारी उभी, त्याच्याच बाजूने घाबरवायला. माझ्या मते मालिका तिथे फसली. लोक म्हणतात पसारा वाढला, भीती कमी झाली, कलाकार बदलले. ती वरवरची कारणं झाली. मूळ कारण हे, की भुतांच्या हातातला हिशेब काढून घेतला आणि ज्याच्या नावावर थकबाकी होती त्यालाच सावकार केला. मग भीती कुठून वाटणार?

पण वाहिनीला तरी किती बोलायचं? दुकानदार गिऱ्हाईक मागेल ते विकतो. आपण अण्णा मागितले. ढिगाने मागितले. नीलिमा मागितली असती, माई मागितली असती, तर कदाचित तिसरं पर्व माईचं झालं असतं. तिने एक दिवस उठून कपाट उघडलं असतं, कागद बाहेर काढले असते, कुणाची किती जागा कशी आली ते एकेक करून वाचून दाखवलं असतं आणि परत केली असती. विचार करा, काय भयंकर पर्व झालं असतं! जिल्ह्यातल्या निम्म्या वाड्यांमधून टीव्ही बंद झाले असते.

मी मालिकेच्या विरोधात नाही. क्लिप बघा, वाडा बघायला या, पांडूच्या नावाने हसा. मीही हसतो. पण या पोस्टच्या निमित्ताने माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे.

एक. कुठल्याही बाईला 'शेवंता' म्हणून हाक मारणारा भेटला तर तिथल्या तिथे थांबवा. मित्र असला तरी, वयाने मोठा असला तरी. 'गंमत होती रे' म्हणेल. म्हणावं, मग तुझ्या बहिणीला मारून दाखव ती हाक.

दोन. घरच्या ग्रुपवर कुणी बहीण, आत्या, वहिनी जमिनीबद्दल काही विचारत असेल तर उत्तर द्या. 'माहीत नाही' हेही उत्तर असतं. स्टिकर हे उत्तर नसतं.

तीन. आजच्या आज आपल्या जमिनीचा सातबारा काढा. महाभूलेखवर घरबसल्या बघता येतो, तलाठ्याकडे फेऱ्या नकोत. वडील, आजोबा गेल्यावर वारस नोंदीत बहिणींची, आत्यांची नावं आली होती का बघा. आली असतील आणि नंतर गेली असतील, तर कुठल्या फेरफाराने गेली ते बघा. हक्कसोड पत्र झालं असेल तर ते कसं झालं ते त्यांना विचारा. तिला वाचून दाखवलं होतं का? की 'इथे सही कर, बाकी काही नाही' म्हणून भाऊबीजेच्या दिवशी साडीबरोबर कागद पुढे केला होता? ज्या बहिणीने राजीखुशीने सोडलं असेल तिचा मान राखा. पण राजीखुशी आणि माहेर तुटेल या भीतीने केलेली सही यांतला फरक आपल्याला कळतो. नाटक नको.

हे तपासताना काही घरांत सांगाडे निघतील. निघू देत. कुणी म्हणेल, 'जुनी गोष्ट, आता कुणाला आठवतंय, इसरलंय.' पांडूच्या तोंडी ते विसरणं गोड वाटायचं. जमिनीच्या बाबतीत विसरणारा नेहमी तोच असतो ज्याच्या नावावर जमीन चढलेली असते.

गावात अजूनही एखाद्या पडक्या घराकडे बोट दाखवून सांगतात, तिथे रात्रीचं जाऊ नको, तिथे काहीतरी आहे. पुढच्या वेळी कुणी असं सांगितलं तर एवढंच विचारा: ते घर पूर्वी कुणाचं होतं, आणि आता कुणाच्या नावावर आहे?

कमेंट उघड्या आहेत. माईच्या नावाची वाट बघतोय.